मोटारीला ‘कसं काय?’ विचारणारा मिस्त्री

आमच्या गावच्या पाण्याची मोटार विहिरीवर, आणि ती चालवणारा किसन मिस्त्री दोनशे पावलांवर, बौद्धवाड्यातल्या आपल्या अंगणात! पुढ्यात एक फळी, फळीवर तीन बटणं आणि एक लाल दिवा. वहीचं पान चिकटवून त्यानं बटणांना नावं दिली होती : ‘ऊठ’, ‘बस’ आणि ‘कसं काय?’. तिसरं दाबल्यावर दिवा लागला की समजायचं, मोटार चालू आहे. हे बटण तो दिवसातून पन्नासदा दाबायचा.

“अरे मिस्त्री, आत्ताच तर विचारलंस की!” मी म्हणायचो.

“मग काय झालं, गुरुजी? येकटी पडलीय तिकडं. कुनी इचारलं की बरं वाटतंय.”

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर मिस्त्रीनं विहिरीवर पाय ठेवायचा नाही, असा गावाचा हुकूम होता. जोडणीच्या वेळी तो लांब उभा राहून ओरडत होता, “लाल वायर वर, गुरुजी! वर मंजी आभाळात न्हाई!” आणि जन्मात कधी फ्यूज न बांधलेला मी शाळामास्तर स्क्रू पिळत होतो. “शिवायची बंदी मला हाय,” तो म्हणाला, “माझ्या करंटला न्हाई.” आम्ही सगळे खो खो हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

विहिरीतलं पाणी त्याला न बघता कळायचं. पाइपाचा शेवटचा नळ बौद्धवाड्यात होता. तो फुसफुस हवा सोडू लागला की विहीर आटत आली. मिस्त्री लगेच ‘बस’ दाबायचा.

मग विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे निघाले. मिस्त्री परभणीच्या मोर्चाला जाऊन आला. दुसऱ्या दिवशी सरपंचांनी त्याची तार तोडायला लावली आणि बौद्धवाड्याच्या नळाला बूच मारलं. पक्कड माझ्या हातात होती. कुठली तार कुठली, हे गावात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

महिनाभर वाड्यातल्या बाया ओढ्याच्या वाळूत झिरे उकरून पाणी भरत होत्या. मी तिकडे फिरकलो नाही. विहिरीवर सरपंचांचा भाचा बटण दाबून खुशाल घरी जायचा. एक दिवस विहीर आटली. ते सांगणारा नळ तर आम्हीच बंद केलेला. मोटार कोरडी फिरली आणि जळाली. आता सरपंचांना मिस्त्री आठवला, आणि निरोप न्यायला मी.

तो अंगणातच होता. पुढ्यात तीच फळी.

“मोटार जळाली,” मी म्हणालो.

तो हळूच म्हणाला, “लय कन्हली असंल का वो?” धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून त्यानं हत्यारं गोळा केली. “येतो. पर आधी आमचा नळ सोडा म्हनावं. त्याबिगर तिचं दुखनं मला कळायचं न्हाई.”

फळीवरच्या पानावरची ‘कसं काय?’ ही अक्षरं महिन्यापूर्वी चांगली वाचता येत होती, ती आता बोट लागून लागून पुसट झाली होती. म्हणजे तार तुटल्यावरही हा महिनाभर ते बटण दाबत होता. माझ्यादेखत त्यानं सवयीनं पुन्हा दाबलं. दिवा लागला नाही.

महिन्यानं भेटत होतो आम्ही. तेवढे दोन शब्द मलाही त्याला विचारता आले असते. मी फक्त म्हणालो, “सरपंचांना सांगतो,” आणि परत फिरलो.