कुसुमताईंचे पोलीस

आमच्या शेजारच्या कुसुमताई एसटीत बसल्या तरी छत्री मिटत नाहीत. खिडकीतून ऊन आलं की उघडलीच. नेरच्या गाडीत कंडक्टरनं एकदा विचारलं, "काकू, गाडी गळून राह्यली काय?" झालं! उतरेपर्यंत त्या बिचाऱ्याला त्यांचा अख्खा ल्युपसचा आजार ऐकावा लागला.

"आंगात पोलीस असते ना, रोगाले मारनारे? माह्यावाले पोलीस पागल झाले. घरच्याच मानसाले चोर समजून हानून राह्यले. आज सांधे, उद्या कातडं, परवा किडनी. अन् उन दिसलं का त्याइले जास्तच चेव येते."

हा पाठ त्यांनी भाजीवालीपासून कापूस वेचणाऱ्या बायांपर्यंत सगळ्यांना दिलाय. उपयोग शून्य. नाकागालांवर लाल चट्टा उठला की बाया हळदीकुंकवाचं बोट लांबूनच टेकवतात. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे कुणाला ऐकायचंच नसतं. गोळ्यांनी तोंड सुजलं की त्याच बाया म्हणतात, "तब्येत मस्त सुधारली हो!" आणि "बरं झालं काय आता?" म्हटलं की कुसुमताई फणकारतात, "हे जानारं दुखनं नोहे, नांदनारं आहे!" मला तर या बायांची चीड येते.

यंदा त्यांच्या पिंकीचं लग्न जमलं. एप्रिलात, अंगणातच साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. कुसुमताईंनी गालांना पावडर थापली, छत्री माझ्या घरी आणून ठेवली आणि भर दुपारी फाटकात उभ्या राहून पाहुण्यांचं स्वागत केलं. मी त्यांना आत ओढू लागले, तर दातओठ खात म्हणाल्या, "गप राहा वयनी. पोरीचं लगन मोडता काय?"

पाठोपाठ ताप चढला, पाय सुजले. यवतमाळला भरती करावं लागलं. होणाऱ्या विहीणबाई भेटायला आल्या.

"काय झालं हो?"

मला वाटलं, आता पोलिसांचं सुरू होणार. कुसुमताई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "काही नाही. उन लागलं."

विहीणबाई गेल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला. "वयनी, खरं सांगा. पिंकीच्या गालावर तं काही दिसत नाही ना? रोज पाहून राह्यली मी. पन आता माह्या डोयावर माहा भरोसा नाही."

"नाही हो, काहीतरीच काय!" मी म्हणाले.

तेवढ्यात पिंकी डबा घेऊन आली. स्टँडवरून भर उन्हात चालत आली होती. गाल लालबुंद झाले होते. आम्ही दोघींनी आधी तेच पाहिलं.