विटांच्या बंगल्याचे जतन

वास्तू जुनी झाली की तिला वारसा म्हणतात आणि तिच्यात राहणारी माणसे जुनी झाली की त्यांना अतिक्रमण म्हणतात. एवढा फरक ज्याला कळला, तो सुसंस्कृत.

सफाळ्याच्या पुढे चिकूच्या वाडीत शैलेशरावांचा विटांचा बंगला आहे. मागे गोठा, वखार आणि गड्यांच्या खोल्या. बंगला पणजोबांनी बांधला, असे फलक सांगतो. (विटा कोणी वाहिल्या, ते सांगत नाही. पणजोबांच्या घोडीचे नाव मात्र फलकावर आहे: चंद्रिका.)

शेवटच्या खोलीत ठमी आणि तिचा नवरा चिंधू राहत. ठमी तिथेच जन्मली. तिची आजी तिथे वेठीला होती. वाडी शिंपणे, चिकू उतरवणे हे काम पिढीजात त्यांचेच.

बोईसरच्या कारखान्यांतले साहेब सुट्टीच्या दिवशी इतिहासासाठी तळमळतात, हे ध्यानात येताच शैलेशरावांनी बंगल्याचे 'वारसा निवास' केले. वास्तुजतन शिकलेली भाची उन्नती सल्ल्याला आली. मागची खोली पाहून ती गहिवरली. वेठबिगाराची इतकी अस्सल खोली आता कुठे उरली आहे? ती जपलीच पाहिजे. जतनाच्या आड एकच गोष्ट येत होती. खोलीत ठमी राहत होती.

चुलीच्या धुराने ऐतिहासिक भिंतीला धोका आहे, हे शैलेशरावांनी तिला प्रेमाने समजावले. (भिंत त्या धुरानेच ऐतिहासिक झाली होती.) चिंधूने भातकापणीपर्यंत मुदत मागितली. ती सहानुभूतीपूर्वक नाकारण्यात आली. दोघांना रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवले. ठमीच्या आईचे जाते तेवढे वारशात मोडत असल्याने ठेवून घेतले.

खोली सारवून, दिवे लावून खुली झाली, पण पाहुण्यांची तक्रार आली: रिकामी वाटते. मग ठमीलाच बोलावले. तिने सकाळी यावे, दळावे, संध्याकाळी शेडवर जावे. पीठ अर्थातच वारसा निवासाचे. चिंधू म्हणाला, जाऊ नको, आणि स्वतः वीटभट्टीवर निघून गेला. तिने त्याला अडवले नाही. एवढेच म्हणाली, "माज्या आयचं जातं तितं हाय."

एका रविवारी एक संवेदनशील पाहुणी ठमीजवळ उकिडवी बसली आणि तिने विचारले, मावशी, तुम्ही राहता कुठे?

ठमीने जाते थांबवले.

"हितंच रायत होते. तुमी आले म्हनून गेले."

पाहुणीने उन्नतीकडे पाहिले. उन्नती म्हणाली, बोली फार जुनी आहे, अर्थ साधारण 'अतिथी देवो भव' असा होतो. पाहुणीचे डोळे भरून आले. ठमी पुन्हा दळू लागली.

हे वाचताना तुमचेही डोळे ओलावले असतील, तर तसे जरूर कळवावे. पुढचे सगळे शनिवार भरले आहेत, परंतु ज्यांना गरिबांविषयी मनापासून वाटते, अशांसाठी शेवटची खोली राखून ठेवली आहे. एसी बसवला आहे.