परुळेकरांचं मत

एखादी रेकॉर्ड गाजली की परुळेकरांच्या मनातून ती उतरायची. कोपऱ्यावरच्या पानवाल्याच्या रेडिओवर ती एकदा वाजली, की त्याच संध्याकाळी ती कुणाला तरी देऊन टाकत. आमच्या घरातला निम्मा संग्रह असाच, लोकांना आवडण्याचा गुन्हा केलेल्या रेकॉर्डींचा होता.

मुलुंडला आम्ही शेजारी, भिंतीला भिंत. परुळेकर मूळचे मालवणचे, नोकरी विमा कचेरीत, लग्न केलेलं नाही. "बायको इली असती तर रेकॉर्डी खंय ठेवलंय असतंय?" असं वर विचारत. दुकानात धूळ खात पडलेली रेकॉर्ड म्हणजे त्यांच्या लेखी रत्न. त्यातही भेसळ हवी. भारुडाला पियानो, लावणीला व्हायोलिनांचा ताफा. "साजूक तूप सगळेच विकतात रे," ते म्हणत, "फोडणी कोण देतो ते बघ!"

श्रोता मिळावा म्हणून ते चहाला बोलवत. चहा इतका कढत, की तो निवेपर्यंत एक बाजू संपे. उठू लागलो की मनगट धरत. "मेल्या, खरी मजा दुसऱ्या बाजूक आसा!"

एका गणपतीत सोसायटीने त्यांच्या हाती लाउडस्पीकर दिला. सकाळच्या आरतीनंतर यांनी लावला अभंग. साथीला बोंगो आणि इलेक्ट्रिक गिटार. सेक्रेटरीबाई धावत खाली आल्या.

"परुळेकर, मशीन बिघडलंय का हो?"

"मशीन ठीक आहे. कान दाखवून घ्या."

पुढच्या वर्षीपासून त्यांच्याकडे फक्त केळी आणायचं काम आलं.

मग आमच्या इमारतीत एक लग्न निघालं. वरात दारात आली. बँडवाले नेहमीचीच सिनेमाची गाणी वाजवत होते, पण त्यातला म्हातारा क्लॅरिनेटवाला मध्येच कोळीगीताची एक मुरकी घेऊन परत गाण्यात शिरला. परुळेकर थेट घोड्यापुढे जाऊन उभे राहिले. वरात थांबली.

"तुम्ही रमाकांत शिरोळे काय?"

म्हातारा दचकला. "हो. का? काही चुकलं का साहेब?"

याच शिरोळ्यांनी ऐन उमेदीत एक रेकॉर्ड काढली होती. कोळीगीतांच्या चाली, क्लॅरिनेट आणि विलायती ड्रम. ती कुणीही घेतली नाही. परुळेकरांनी घेतली होती.

रविवारी शिरोळे गोवंडीहून परुळेकरांकडे आले. मलाही बोलावणं होतं. "माझ्याकडची फुटली," शिरोळे म्हणाले. "मग कुठं मिळालीच नाही. पोरांनी तर ऐकलेलीच नाही."

परुळेकरांनी रेकॉर्ड लावली. शिरोळे डोळे मिटून बसले. बोटं मात्र गुडघ्यावर चालत होती. दोन्ही बाजू संपल्या. त्यांनी डोळे उघडले.

"साहेब, खरं सांगा. कशी झालीय?"

इतक्या वर्षांत परुळेकरांना त्यांचं मत आपणहून कुणी विचारलं नव्हतं. ते उठून स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ झाला म्हणून मी आत डोकावलो. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि बनियनच्या टोकाने चष्मा पुसत होते.

बाहेर आले ते सरळ मशीनपाशी. रेकॉर्ड उचलली, कव्हरात घातली आणि शिरोळ्यांच्या हातात दिली.

"पोरांना ऐकवा."

"अहो, आणि तुम्ही काय ऐकणार?"

"माझी तोंडपाठ आहे," परुळेकर म्हणाले, आणि शिरोळ्यांच्या चपला सरळ करून द्यायला खाली वाकले.