पहिले दहा तहानलेले

एका जंगलात एक सिंह राज्य करत होता. तो आळशी होता, हे वेगळं सांगायला नको. राजा होता म्हटलं ना!

त्या उन्हाळ्यात सगळे झरे आटले. पाणी उरलं ते फक्त राजाच्या तळ्यात. मग सिंहाने नियम केला. रोज सकाळी तहानलेल्यांची यादी काढायची आणि यादीत नाव असेल त्यालाच तळ्यावर सोडायचं. यादी सांगायचं काम हत्तीकडे होतं, कारण त्याला जंगलातला एकेक प्राणी तोंडपाठ होता.

पहिल्या दिवशी सिंहाने विचारलं, "कोणकोण तहानलेलं आहे?"

हत्ती राजाच्या गुहेच्या दारात राहणाऱ्यांपासून नावं सांगत निघाला. दुपार झाली तरी नावं संपेनात. सिंहाचं जेवण गार झालं.

"उद्यापासून फक्त पहिली दहा नावं सांगायची," प्रधान मुंगूस म्हणाला. "महाराजांना त्रास नको."

आता मुलांनो, पहिली दहा कोण असणार? गुहेच्या दारात राहणारी. राजाचा न्हावी माकड, त्याचे तीन मेहुणे, मुंगसाची सासू आणि अशीच मंडळी. रोज तीच दहा. सकाळी पोटभर पाणी पीत, दुपारी तळ्यात डुंबत आणि दुसऱ्या दिवशी निर्लज्जासारखी पुन्हा तहानलेली असत.

डोंगराच्या टोकाला काटेबाई नावाची सायाळ राहायची. तिचं पिल्लू दोन दिवस पाण्यावाचून होतं. ती धापा टाकत हत्तीकडे आली.

"गजाकाका, माझ्या पिल्लाचं नाव घ्या हो. त्याला डोळेसुद्धा उघडवत नाहीत."

"माहीत आहे गं पोरी. सगळ्यांत जास्त तहानलेलं तेच आहे."

"मग सांगत का नाही?"

"सगळ्यांत जास्त तहानलेलं कोण, असं कुणी विचारतच नाही. पहिली दहा विचारतात. तुझ्या पिल्लाचा नंबर नऊशे बारावा."

हत्ती फार प्रामाणिक होता. असल्या प्रामाणिकपणाला जोड्याने मारावं, पण ते असो.

इकडे मुंगूस दरबारात सांगत होता, "महाराज, आनंदाची बातमी! काल दहाच तहानलेले होते, आजही दहाच. टंचाई एका नावानेही वाढलेली नाही."

"वा! पण दहा तरी का असावेत?"

"पाच करता येतील, महाराज."

दुसऱ्या दिवशी हत्तीने पाचच नावं सांगितली. तहान निम्म्यावर आली म्हणून दवंडी पिटली गेली. यादीतून गळालेले पाच जण चिडले, तेव्हा त्यांना राजाच्या सत्कार समितीवर घेतलं. समितीच्या बैठका तळ्यातच होत.

तिसऱ्या दिवशी सिंह म्हणाला, "आज एकही नाव नको."

हत्तीने रिकामी यादी सादर केली. मुंगसाने टाळ्या वाजवल्या. जंगल तहानमुक्त झालं!

तेवढ्यात काटेबाई आली. तोंडात धरून आणलेलं पिल्लू तिने सिंहापुढे ठेवलं. ते मेलेलं होतं.

सिंह कळवळला. "अरेरे! कशाने गेलं बिचारं?"

"तहानेने."

सिंहाने हत्तीकडे पाहिलं. "याचं नाव यादीत होतं का?"

"नाही, महाराज."

"मग दुसरं काहीतरी झालं असेल," सिंह म्हणाला आणि सत्काराला निघाला.

तात्पर्य: राज्य करायचं असेल तर दहापर्यंत आकडे आले की पुरे. ज्यांना राज्य करायचं नाही, त्यांनी निदान जन्म तरी गुहेच्या दारात घ्यावा.