चलोहॅ, आक्का

आमच्या आक्का फोन उचलला की 'हॅलो' म्हणत नाहीत. 'चलोहॅ' म्हणतात. साठी उलटलेली बाई, सटाण्याच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, अजूनही गावातली बाप्ये माणसं त्यांना बघून मोटरसायकलवरून उतरतात, आणि फोनवर 'चलोहॅ'. पलीकडे कर्ज विकणारा कोणी असला तर तो गोंधळतो. मग आक्का शांतपणे विचारतात, "आपण कोण बोलत आहात?"

कारण ते 'चलोहॅ' त्याच्यासाठी नसतंच. ते दिलीपसाठी असतं. दिलीप म्हणजे माझा नवरा, आणि आक्का त्याची मोठी बहीण.

च-ची भाषा लहानपणी आपण सगळेच बोललोय. शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, शेवटी नेऊन टाकायचं, त्याच्या जागी च. पाचवी-सहावीत गेलं की माणूस शहाणा होतो आणि सोडून देतो. ही भावंडं शहाणी झाली नाहीत. त्यात त्यांची घरची बोली अहिराणी. म्हणजे आधी अहिराणी, तिच्यावर च, आणि वर आक्कांचा वेग. मी पंचवटीत वाढलेली. माझ्यासाठी एका दाराला दोन कुलपं.

सटाण्याला एकट्या राहणाऱ्या आक्का गुडघ्याच्या डॉक्टरसाठी अधूनमधून नाशिकला आमच्याकडे येतात. आल्या की सोफ्यावर मांडी घालून लसूण सोलायला बसतात, शेजारी दिलीप. आणि मग सुरू. चतूचका, चलेमा, चहीन. मध्येच दोघं हसतात, आक्का तर पदरानं डोळे पुसतात. मी ओट्यापाशी.

"काय झालं?" मी विचारायची.

"काही नाही गं. गंमत."

त्या 'गंमत' शब्दाचा मला भारी राग. जळायचे मी, सरळ सांगते. इतक्या वर्षांच्या संसारात मी सांगितलेल्या विनोदावर हा माणूस नुसता 'हं' करतो. बरं, बोलतात काय? माझ्या भाजीतलं मीठ? माझं माहेर? एकदा दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं आणि चूप झाले. त्या दिवशी मी भाकऱ्या अशा थापल्या की खालच्या मजल्यावरून विचारायला आले.

आणि माझ्याशी आक्का कशा बोलतात? "मीनल, आजची आमटी उत्तम झाली आहे हं." शाळा तपासायला आलेल्या साहेबाशी बोलावं तसं. इतकं शुद्ध कौतुक की घास अडकावा.

एकदा मी दिलीपशी भांडलेच. तेव्हा त्यानं सांगितलं. त्यांच्या लहानपणी वर्गात 'आहे'च्या जागी 'शे' म्हटलं की गुरुजींची पट्टी बसायची. आक्का पुढे शिक्षिका झाल्या त्या पट्टीचा धडा घेऊनच, चारचौघांत जन्मभर 'आहे' म्हणत राहिल्या. दिलीप आयटीआयला नाशकात आला, तर होस्टेलवरची पोरं 'काय शे रे भाऊ' करून हैराण करायची. यानंही शे सोडला. उरला तो दोघांपुरता, कोणाला कळू नये म्हणून वरून च लावलेला.

ऐकून वाईट वाटलं. पण जळणं काही कमी झालं नाही. उलट वाढलं. माझ्यापासूनही लपवायचं? मी काय पट्टी घेऊन उभी आहे?

मग मी ठरवलं, शिकायचंच. आमच्या मजल्यावरच्या देवरे काकू नामपूरच्या. गच्चीवर त्यांच्याबरोबर पापड लाटता लाटता मी अहिराणी शिकायला लागले. "कसाले शिकस वं?" काकूंनी विचारलं. आवड म्हणून, असं मी म्हटलं. साफ खोटं. मला चोर पकडायचे होते.

च मी स्वतःच घोटला. कुकरच्या शिट्ट्यांवर, 'रचकुक, रचकुक' असं चुकत चुकत. आणि एक दिवस सोफ्यावरचं वाक्य अख्खं कळलं. 'चतू चवनाजे चका?' तू जेवना का? जेवलास का. एवढंच! त्याच्यापुढे ताट होतं, तरी विचारत होत्या. दुसरं कळलं ते असं, की मागच्या गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं झाली. माझं नावसुद्धा नाही कुठे. कोणी आपल्याविषयी वाईट बोलत नाही याचाही इतका संताप येतो, हे मला तेव्हा कळलं.

परवा आक्का परत निघायच्या होत्या. दुपारची बस. बॅग भरून दाराशी ठेवलेली, दिलीप पेपर वाचत होता. आक्का पायमोजे चढवत होत्या. मान खाली घालून, नेहमीच्याच वेगात म्हणाल्या,

"चलेमा चरमाघ चरमतक चहीन."

मी हातातलं फडकं तसंच धरून मनातल्या मनात अक्षरं जागेवर लावली. माले घरमा करमत नही. मला घरात करमत नाही.

दिलीप खो खो हसला. "चरंख, चरंख," म्हणजे खरं, खरं, असं म्हणाला आणि पान उलटलं. आक्काही हसल्या, पण पायमोजा तसाच अर्धा राहिला.

मी त्याला खुणेनं आत बोलावलं. "काय म्हणाल्या त्या?"

"गुडघ्याचं काहीतरी."

"दिलीप."

"अगं, मला आता कुठे येतं सगळं?" तो कानकोंडा झाला. "कधीपासून सुटलंय. दोनचार शब्द कळतात. तिचा सूर बघतो आणि हसतो. तिला बरं वाटतं ना."

म्हणजे इतकी वर्षं मी ज्याच्यावर जळत होते, तो माझ्यासारखाच दाराबाहेर उभा होता. आत आक्का एकट्याच.

मी बाहेर आले. आक्कांनी बॅगेला हात घातला होता. मी दुसरा बंद धरला आणि जीभ अडखळत म्हटलं, "आक्का, चऊजा चकोन."

जाऊ नको. घाईत नणंदेला एकेरी म्हणून बसले.

आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गात मागच्या बाकावरून बरोबर उत्तर यावं तसं. मग बॅग सोडून सोफ्यावर बसल्या, शेजारची जागा हातानं थोपटली.

"बस आठे," त्या म्हणाल्या. त्यात च नव्हता. "कोन शिकाडं तुले?"

त्यांच्या तोंडून 'तुले' मी पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांचा अर्धा राहिलेला पायमोजा काढून ठेवला.

दिलीप दारात आला. "काय चाललंय दोघींचं?"

"काही नाही," आक्का म्हणाल्या. "गंमत."

त्याचा चेहरा पडला. तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता.