इंदूअक्कांचा लाँग रूट

लागोपाठ तीन ऑटोवाल्यांनी "बरल्ला", म्हणजे येत नाही, म्हटलं की इंदूअक्का स्वतःला बाद करून घरी परत यायच्या. मग जायचं ठिकाण लग्नाचं असो, बारशाचं असो की दाताच्या डॉक्टरचं. राजाजीनगरला त्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला आले त्याच आठवड्यात, त्या जरीची साडी नेसून फाटकातून परत येताना दिसल्या. "काय झालं अक्का, मुहूर्त चुकला का?" असं विचारलं तर म्हणाल्या, "तीन रिफ्यूजल झाले. एलिमिनेटेड. कॉफी पिणार?"

आमच्या गल्लीत त्यांना चक्रम म्हणतात. म्हणू देत. म्हणणाऱ्यांपैकी एकानेही कधी साधं कुत्रं धड फिरवलेलं नाही, आणि ही बाई सदुसष्टाव्या वर्षी आनेकलच्या रायडिंग स्कूलमध्ये घोड्यावरून ओंडके ओलांडत होती. शाळेतून पी.टी. टीचर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांना हे खूळ लागलं. इव्हेंटिंग म्हणतात त्याला. आधी घोडा मैदानात शिस्तीत चालवून दाखवायचा, मग रानातून ओंडके, चर, पाणी ओलांडत पळवायचा, शेवटी रंगीत दांड्यांवरून उड्या. घोडा अडथळ्यापुढे थांबला की रिफ्यूजल. तीन झाले की घरी.

ही भाषा अक्कांनी तबेल्यातून घरी आणली आणि आम्हा सगळ्यांना लावली. स्पीडब्रेकरच्या अगदी तोंडाशी मी स्कूटरचा ब्रेक दाबला की मागच्या सीटवरून आवाज यायचा, "चिप मारलीस." म्हणजे उडीच्या आधी घोडा बिचकून एक फुकटचं पाऊल टाकतो, ते. त्यांचा मुलगा सतीश होसकोटेला कारखान्यात आहे. तो फोनवर "रविवारी यायचं बघतो" म्हणाला की, "रन-आउट." क्रिकेटमधला नव्हे, घोडा ऐनवेळी अडथळ्याच्या बाजूने सटकतो, तो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तर त्या हॉस्पिटलात कोर्स वॉक करायला गेल्या. स्पर्धक आधी सगळा मार्ग पायी बघून येतात ना, तसं. ऑपरेशन थिएटरच्या दारातून सिस्टरने हाकललं, तेव्हा परत आल्या. "शेवटचं वळण अरुंद आहे, पण जमेल," असा अहवाल मला मिळाला.

आणि सगळ्यात मोठी शिवी म्हणजे लाँग रूट. अवघड अडथळ्याला सरळ भिडायचं नसेल तर बाजूने सोपी, लांबची वाट ठेवलेली असते. तिला दंड नाही, वेळ मात्र जातो. अक्कांनी ती वाट जन्मात घेतली नाही. "भित्र्यांसाठी आहे ती. आपण किक ऑन, सरी?" किक ऑन म्हणजे टाच मार आणि हो पुढे; सरी म्हणजे ठीक. हे त्या दूधवाल्यालाही सांगायच्या. सतीश म्हणायचा, "आई, या वयात हाडं मोडून घेशील." त्यावर अक्का म्हणायच्या, "हाडं माझी आहेत."

त्यांचा घोडा मुत्तू. त्यांचा म्हणजे स्कूलचाच, पण त्याच्यावर दुसरं कोणी बसायला मागत नसे. म्हातारा, पांढुरक्या पापण्यांचा, फटाक्यांना घाबरणारा. गेल्या हिवाळ्यात तिथल्या मास्तरांनी सांगून टाकलं की म्हातारे घोडे पोसणं आता जमणार नाही. येत्या स्पर्धेत मुत्तूने शेवटपर्यंत धाव पूर्ण केली तर तो राहील, नाहीतर लग्नाच्या वराती काढणाऱ्याकडे जाईल. अक्कांचं डोकंच फिरलं. "माझा मुत्तू बँडपुढे उभा राहणार? बघतेच मी."

स्पर्धेला मी आणि सतीश दोरीपलीकडे उभे होतो. मुत्तू असा सुटला की सतीशनेसुद्धा शिट्टी वाजवली. ओंडके, चर, पाणी, सगळं क्लिअर. आता शेवटचे दोनच ओंडके राहिले. मी मनातल्या मनात नवस बोलत होते, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात अक्कांनी लगाम खेचला आणि हात वर केला. हात वर करणं म्हणजे माघार, धाव तिथेच संपली. त्या उतरल्या, खोगिराचा पट्टा सैल केला आणि मुत्तूच्या शेजारून चालत परत आल्या.

मास्तर धावत गेले. "अक्का, हे काय केलंत? चांगला पळत होता की."

"मागचा डावा पाय आखूड पडला."

"कुणाला दिसलंसुद्धा नाही."

"त्याला दुखलं ना."

सतीश वैतागला. "आता जाईल ना तो वरातीत? मग एवढा हट्ट कशाला केलास?"

"कुठेही जाणार नाही," अक्का म्हणाल्या. "तुझे बाबा गेले तेव्हा जो तो मला सांगायला यायचा, स्वल्प दिवस जाऊ देत, सगळं सरी होईल. हा एकटा काही बोलला नाही. मी याच्या मानेवर डोकं ठेवून रडायचे आणि हा जागचा हलायचा नाही."

महिन्याभरात अक्कांनी राजाजीनगरच्या घराच्या खालच्या मजल्याला कुलूप लावलं. आनेकलच्या पुढे, नाचणीच्या शेताकडेला एक खोली आणि पत्र्याची शेड बघितली आणि मुत्तूला मागून घेतलं. मास्तरांनीही मुकाट्याने दिला. गल्लीने तोंडात बोटं घातली. सतीश रोज फोन करून समजावायचा. ऐकतील तर शपथ.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे निघाले. आनेकलच्या बसस्टँडवर एक ऑटोवाला नाही म्हणाला, दुसरा नाही म्हणाला, तिसऱ्याने तर मोबाइलमधून मानही वर केली नाही. अक्कांच्या नियमाने मी बाद. चुलीत गेला नियम, म्हटलं, आणि चालत निघाले. घामाघूम होऊन पोचले तेव्हा अक्का मुत्तूला पाणी पाजत होत्या.

"ऑटो कुठंय?"

"तिघांनी नाही म्हटलं."

"मग बाद झालीस की."

"झाले. लाँग रूटने आले."

मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण अक्कांनी बादली खाली ठेवली आणि बराच वेळ मुत्तूची मान चोळत राहिल्या.

"मी अशी कधी कुणाकडे गेले नाही गं. तिसरा नाही म्हणाला की मला बरंच वाटायचं. जिथे जायचं तिथे तरी माझी वाट कोण बघत होतं?" पदराने त्यांनी चष्मा पुसला. "आज मी मात्र सकाळपासून रस्त्याकडे बघतेय."

मग एक गाजर माझ्या हातात दिलं. "त्याला तू भरव. हात सपाट ठेव, नाहीतर बोट जाईल."