गारव्याची वाटणी

आमच्या शेजारचे म्हस्कूतात्या दुसऱ्याच्या घरातले दिवे बंद करतात. विचारून नव्हे. चहाला येतात, उंबऱ्यातच बटण खाली करतात आणि मग अंधारात चाचपडत खुर्ची शोधतात. आळे गावातल्या एका भरदुपारच्या लग्नात त्यांनी मांडवातले मोठे फोकस बंद केले, ते नेमके अंतरपाट दूर होताना. फोटोग्राफर अंगावर धावून आला, तर तात्या त्यालाच म्हणाले, "वर बघ की! एवढा सूर्य हाय, त्यानं काय घोडं मारलंय तुझं?"

"कुनाच्या वाट्याचं जाळताय?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. आता चार-पाच मेंढ्या आणि थोडी शेती उरली आहे. पण एकाचा कळप जास्त चरला की दुसऱ्याचा उपाशी राहतो, हा माळावरचा हिशेब ते सगळ्या जगाला लावतात. टीव्हीवर पृथ्वी तापल्याची बातमी लागली की सुरू होतात. "तिकडं मोठ्या देशांत मानसं पळायला बी मशिन लावत्यात, अन् जाग्यावरच पळत्यात! चरले ते, अन् ऊन मातर आमच्या बी डोक्यावर. ह्यो कुठला न्याय, राव?"

मी आकड्यांचा माणूस. आळेफाट्याला कांद्याच्या वखारीत हिशेब लिहितो. एकदा दोन्ही घरांची वीजबिलं शेजारी ठेवून पाहिली. आमच्या एसीला तीन दिवसांत लागते तेवढी वीज तात्यांच्या घराला महिनाभर पुरते. तात्यांचं बोलणं आकड्यांत बसत होतं. तरी मी एसी काढला नाही, कारण स्लॅबखाली आम्हालाही उकडतंच.

हा एसी बसवला त्या दिवशी तात्या बाहेरच्या पेटीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि ओरडले, "भाऊ, तुमचं घर माझ्या अंगणात उलट्या करतंय!"

बरोबर होतं ते. मी दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून पेटी रस्त्याच्या बाजूला हलवली. तात्यांनी तीही पाहिली. "आता रस्त्यानं काय पाप केलं?"

या भांडणामागचं कारण सगळ्या आळीला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी कांदा काढताना तात्यांच्या पत्नी हिराकाकी उन्हानं वावरातच कोसळल्या होत्या. वाचल्या, पण पुन्हा अंगात ऊन भरलं तर अवघड आहे, असं नारायणगावच्या डॉक्टरांनी तात्यांना स्पष्ट सांगितलं. मुलगा चाकणला कंपनीत, भाड्याच्या एका खोलीत. इथे तात्यांच्या घरावर पत्रा. तात्यांनी पत्र्यावर उसाचं पाचट पसरलं, वरून चुना मारला, दाराला ओलं गोणपाट लावलं. दर तासाला ते भिजवत आणि मी तिथे टांगलेल्या तापमापकाकडे बोट करून मला विचारत, "तुमचं ते पाऱ्याचं बघा, उतरला का?" दोन-तीन अंश उतरलेला असे. ते मी सांगितलं की तात्या पुन्हा बादली उचलत.

"काकींना दुपारी आमच्या खोलीत झोपू द्या," मी म्हणालो.

"आमी नाय असल्या गारव्यात बसत."

काकी माझ्या बायकोला म्हणाल्या, "मी आत्ता येईन गं. पन गावभर बोलून बसल्यात, आता ह्यांचं तोंड कुठं ठिवू?"

या मे महिन्यात एका दुपारी तात्या आमच्या दारात आले. डोक्याला टॉवेल नाही, पायात चप्पल नाही.

"भाऊ, तुमचं मशिन चालू हाय का? हिचा घाम थांबलाय, अंग भट्टीवानी तापलंय."

आम्ही काकींना उचलून खोलीत आणलं, अंगावर पाणी मारलं. डॉक्टर आले, सलाईन लावलं. तासाभरानं काकींनी डोळे उघडून, "कोंबड्या झाकल्या का?" असं विचारलं, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

तात्या मात्र खोलीत येईनात. दाराबाहेर, उन्हाच्या पायरीवर बसले.

"आत या की, तात्या."

"दुपारचा कळप झाडाखाली बसला की आजारी मेंढी मधी, कोकरं मधी. धनगर कडंला, उन्हात. मी शिरलो की तिच्या वाट्याचा गारवा कमी व्हईल."

"खोलीत दोघांपुरतं आहे हो," मी म्हणालो. तसा माणसाच्या अंगालाही ऊब असते, म्हणजे हिशेबात ते पूर्ण चुकत नव्हते. तात्या काही हलले नाहीत. कुणी आत-बाहेर केलं की तेवढं खेकसत, "दार लावा!"

ऊन उतरल्यावर काकींना गाढ झोप लागली. तेव्हा कुठे तात्या पाय न वाजवता आत आले. कॉटजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी काकींच्या पायाला हात लावला. झटक्यात उठून घरी गेले. परतले ते खांद्यावर घोंगडी घेऊन. आपल्याच मेंढ्यांच्या लोकरीची, काळी, जड.

बाहेर अजून पायरीला हात लाववत नव्हता. तात्यांनी घोंगडी काकींच्या पायांवर पसरली, कडा नीट खोचल्या आणि आपला एक हात घोंगडीखाली सारला.

"पाय गार लागले, भाऊ," ते हळूच म्हणाले. "मी लई भ्यालो."

पाय ऊबदार होईपर्यंत त्यांनी हात काढला नाही.